होडीचा रंग: तळ ओळखण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

होडी रंगवायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, "कोणता डबा आणू?" खरं तर हा तिसरा प्रश्न. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: होडी कशाची बांधलेली आहे आणि आज तिच्या अंगावर कोणता रंग बसलेला आहे. या दोन उत्तरांतच निम्म्याहून अधिक पर्याय गळतात. उरलेल्यांतला कोणता घ्यायचा हे होडीच्या वापरावर ठरतं.

रंग सोलून निघाला की खापर डब्यावर फुटतं. पण तो निघालेला पापुद्रा जरा उलटा करून बघा. मागे बहुतेक वेळा पांढरी भुकटी, मेणाची चकाकी नाहीतर गंजाचा तांबूस थर दिसेल. रंगाने आपली पकड सोडलेली नसते, त्याच्या खालचंच सुटलेलं असतं. म्हणून या लेखात डबा उघडण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

वरचा रंग आणि खालचा रंग

पाणरेषेच्या (होडी पाण्यात जिथवर बुडते त्या रेघेच्या) वर रंगाला ऊन, पाऊस आणि घासाघीस सोसायची असते आणि दिसायलाही चांगलं लागतं. तिथे एनॅमल किंवा पॉलियुरेथेन चालतं. हेच रंग पाण्याखाली कायम बुडालेले राहिले तर त्यांच्यातून पाणी आत शिरतं आणि फोड येतात. पाण्याखाली अडचण निराळी असते. कोरा तळ पाण्यात गेला की काही तासांतच त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. मग शेवाळ येतं, मग बार्नॅकलच्या (तळाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवाच्या) अळ्या. ही अळी तळावर जागा चाचपते, पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेते आणि भोवती चुनखडीचं कवच बांधते. असं कवच एकदा पक्कं झालं की खरवडताना त्याचा पाया रंगावरच राहतो, किंवा रंग घेऊनच निघतो. अशा तळाची होडी जड होते, वेग पडतो आणि इंधन जास्त जातं.

यावरचा सगळ्यात जुना खात्रीचा उपाय म्हणजे तांबं. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. तळ स्वच्छ राहिला, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे समुद्राच्या पाण्यात खाऊन गेले. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे ठोकळे जोडून त्याची झीज थांबवली. झीज थांबली आणि त्याच तांब्यावर शेवाळ-शिंपले धरू लागले. तळाच्या रंगाबद्दल जे समजून घ्यायचं ते सगळं या दोन प्रयोगांत आहे. तांबं विरघळत राहतं म्हणूनच काम करतं, त्यामुळे अँटिफाउलिंग रंग, म्हणजे तळावर शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग, हा संपण्यासाठीच लावायचा असतो. आणि तांबं दुसऱ्या धातूला टेकलं तर तो दुसरा धातू खातं.

विसाव्या शतकात तांब्यापेक्षा जहाल असं ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं संयुग आलं. तळ स्वच्छ राहिले, पण फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी वाढू लागली आणि त्यांची पैदास कोसळली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. कुठे जुना, लेबल पुसलेला डबा पडून असेल तर तो स्वस्तात मिळतो म्हणून वापरू नका. आपल्या तळावरून सुटणारं विष आपल्याच पाण्यातल्या मासळीत जातं.

तळाचा रंग कोणता घ्यायचा

दर फेरीनंतर पाण्याबाहेर काढून ठेवली जाणारी होडी असेल तर अँटिफाउलिंग लावूच नका. इपॉक्सी प्रायमर आणि वर एक टणक रंग एवढं पुरतं. दिवसभरात शेवाळ धरत नाही, आणि ओढताना-ढकलताना मऊ अँटिफाउलिंग वाळूवर घासून निघून जातं.

पाण्यातच राहणाऱ्या होडीसाठी मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला टणक: याच्या थरातून तांबं हळूहळू झिरपतं, थर मात्र जागेवरच राहतो. वेगाने पळणाऱ्या आणि मधूनमधून घासून धुतल्या जाणाऱ्या बोटीला तो चांगला. पण तांबं निघून गेल्यावर रिकामा सांगाडा उरतो. दरवर्षी त्यावर थर चढत जातात आणि काही वर्षांनी ते भेगाळून खपल्यांनी सुटतात. दुसरा झिजणारा: पाण्याच्या वाहण्याने वरचा थर थोडा थोडा जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. फार वेगवान नसलेल्या आणि नियमित चालणाऱ्या होडीला मी हाच सुचवेन, कारण पुढच्या खेपेला खरवडण्याचं काम फार उरत नाही. शिवाय टणक रंग महिनोन्‌महिने हवेत उघडा राहिला तर त्याचा जोर कमी होतो. झिजणाऱ्यांपैकी बरेच रंग हे सोसतात. तरी डब्यावर काय लिहिलंय ते वाचाच.

सिलिकॉनचे निसरडे रंगही मिळतात. त्यात विष नसतं. जीव चिकटतात, पण पकड कच्ची राहते आणि होडी वेगात गेली की धुऊन जातात. जी होडी आठवडेच्या आठवडे बांधलेली असते, तिला त्याचा पुरेसा फायदा मिळत नाही. शिवाय या रंगावर दुसरा कुठलाही रंग धरत नाही, म्हणून पूर्ण विचार करूनच त्या वाटेला जावं. गोड्या पाण्यात बार्नॅकल नसतात. तिथे शेवाळ आणि बुळबुळीत थर एवढाच त्रास, त्यामुळे भरपूर तांब्याचा महाग रंग घेण्याची गरज नसते.

होडी कशाची आहे?

ॲल्युमिनियमची असेल तर इथे विशेष काळजी घ्या. क्युप्रस ऑक्साइड असलेला, म्हणजे नेहमीचा तांब्याचा रंग तिला लावायचा नाही. रंगाला एक ओरखडा पडला की समुद्राच्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम यांची जोडी जमते आणि पत्र्याला खड्डे पडू लागतात. डब्यावर 'ॲल्युमिनियमसाठी योग्य' असं स्पष्ट लिहिलेलाच रंग घ्या आणि त्याच्याखाली इपॉक्सी प्रायमरचे पुरेसे हात द्या. जुना लाल शिशाचा प्रायमरही ॲल्युमिनियमला वर्ज्य. घासायला लोखंडी तारेचा ब्रश घेऊ नका, पोलादावर वापरलेला पॉलिश पेपरही नको. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. घासल्यावर ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइड चढायला लागतं, त्यामुळे जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच घासायला घ्या.

पोलादावर मुख्य शत्रू मीठ. गंजाच्या खड्ड्यांत मीठ दडलेलं असतं आणि रंगाखाली तेच ओल ओढून घेतं. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, गंज काढा, पुन्हा धुवा, वाळवा. जमत असेल तर वाळूफवारणी सगळ्यात उत्तम. उघड्या पोलादावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर गेलाच पाहिजे.

लाकडात फरक करावा लागतो. फळ्यांची जुनी होडी पाण्यात फुगते आणि वाळताना आकसते. तिच्यावर टणक दोन घटकांचा (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी चढवला तर फळ्यांच्या सांध्यांवर तो फाटतो, म्हणून तिला लवचीक, तेलावर आधारलेला एका डब्याचा प्रायमर आणि रंग बरा. याउलट आतूनबाहेरून इपॉक्सीने बंद केलेल्या प्लायवूडच्या होडीला दोन घटकांचा रंग उत्तम बसतो. दोन्हींत लाकूड वाळलेलं हवं. ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आत असला तर हात घाला. ओलं लाकूड रंगवलं तर उन्हात तीच ओल वाफ होऊन रंग उचलते.

फायबरच्या नव्या होडीच्या जेलकोटवर, म्हणजे तिच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, साच्यातून काढताना लागलेलं मेण असतं. ते आधी द्रावकाने पुसायचं, मगच घासायचं. उलटं केलं तर पेपर ते मेण ओरखड्यांत भरतो आणि मग ते निघता निघत नाही. पुसताना दोन फडकी ठेवा: एक ओलं, एक कोरडं. ओल्याने मेण विरघळवा आणि द्रावक उडून जायच्या आत कोरड्याने उचलून घ्या. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं.

जुन्या फायबरच्या तळाला फोड दिसले तर एक फोडून बघा. आतून आंबट वासाचं चिकट पाणी आलं तर जेलकोटमधून पाणी मुरलं आहे. असा तळ उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, आठवडेच्या आठवडे वाळवून मगच इपॉक्सीचे थर द्यायचे. घाईने वर रंग मारला तर ते पाणी आतच कोंडलं जातं.

अंगावरचा जुना रंग ओळखा

एका घटकाच्या (काही न मिसळता डब्यातून थेट लावायच्या) रंगावर दोन घटकांचा रंग लावला तर वरच्यातला तीव्र द्रावक खालच्याला चाळवतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. उलट क्रम, म्हणजे नीट पिकलेल्या (पूर्ण कडक झालेल्या) दोन घटकांच्या रंगावर एका घटकाचा, हा चालतो. ओळख सोपी आहे. दोन घटकांच्या रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जुन्या रंगावर पाचेक मिनिटं टेपने चिकटवून ठेवा. रंग मऊ पडला, सुरकुतला किंवा बोळ्याला लागला तर तो एका घटकाचा. काहीच झालं नाही तर दोन घटकांचा.

मग पकड तपासा. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्याआडव्या रेघा मारून चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर चौकोन उचलून आले तर तो रंग काढावाच लागेल. त्याच्यावर कितीही चांगला रंग चढवला तरी तो त्या कच्च्या थरासकटच येणार. होडीवर अशी तपासणी तीन-चार जागी करा: पाणरेषेजवळ, नाळेवर (पुढच्या टोकावर), सुकाण्याशी. नाळेचा रंग धडधाकट आणि मागचा भुसभुशीत असं पुष्कळदा दिसतं.

घासकाम

जुनं अँटिफाउलिंग कोरडं घासू नका. त्याची धूळ विषारी असते. पाणी मारत ओलं घासा, खाली ताडपत्री अंथरा आणि जमलेला गाळ पाण्यात न सोडता भरून वेगळा ठेवा. हातमोजे, चष्मा आणि कणांसाठीचा मास्क लागतोच. साधा कापडी रुमाल इथे पुरत नाही. फार जाड झालेले थर स्क्रेपरने काढताना त्याची टोकं आधी कानसेने गोल करून घ्या, नाहीतर जेलकोटला खाचा पडतात आणि त्या भरण्यातच एक दिवस जातो.

तळासाठी ८० नंबरचा पेपर पुरे. प्रायमरला धरायला ओरखडे हवेत. बाजूंसाठी १२० ने सुरू करून प्रायमरवर २२० आणि चमकदार रंगाआधी ३२० पर्यंत जा. खाचा-खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा. पॉलिएस्टरची पुट्टी पाण्याखाली वापरू नका, ती पाणी पिते. आधी प्रायमरचा एक पातळ हात मारून मग पुट्टी भरणं मला जास्त आवडतं, कारण एकरंगी पृष्ठभागावर टॉर्चचा उजेड आडवा टाकला की प्रत्येक खळगा सावलीने उठून दिसतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. स्वच्छ पाणी बाजूवर ओता आणि बघत राहा. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर पृष्ठभाग तयार आहे. कुठे ते फाटून थेंब-थेंब झालं तर तिथे अजून मेण किंवा तेल आहे. तेवढा भाग पुन्हा पुसा. पुरता वाळल्यावरच पुढचं काम.

किती रंग लागेल

पाण्याखालचं क्षेत्रफळ ढोबळमानाने असं: पाणरेषेवरची लांबी गुणिले (रुंदी अधिक पाण्यातली खोली). पाणरेषेवर ७ मीटर, रुंदी २.४ मीटर, खोली ०.६ मीटर असेल तर ७ × ३ = २१ चौरस मीटर. उथळ, हलक्या होडीला याच्या तीन चतुर्थांशच धरा.

डब्यावर घनपदार्थांचं, म्हणजे सुकल्यावर उरणाऱ्या भागाचं, आकारमान टक्क्यांत लिहिलेलं असतं. त्याला १० ने गुणा आणि हव्या असलेल्या कोरड्या थराच्या मायक्रॉनने भागा, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील ते कळतं. ५० टक्के घनपदार्थ आणि ५० मायक्रॉनचा थर असेल तर १० चौरस मीटर. वरच्या होडीला एका हाताला २.१ लिटर, दोन हातांना ४.२ लिटर. त्यात नाळ, कणा, सुकाणू आणि पाणरेषेचा पट्टा यांच्यासाठी एक जादा हात धरा, कारण झीज तिथेच सगळ्यात जास्त होते. रोलरमध्ये आणि ट्रेमध्ये अडकणारा रंग धरून ५ लिटरच्या आसपास लागेल. या आकड्यापेक्षा खूपच कमी रंगात काम झालं, तर बचत झाली असं समजू नका. थर पातळ बसला आहे.

हवा आणि वेळ

पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. सकाळी दव उडून गेल्यावर सुरुवात करा आणि संध्याकाळचं दव पडायच्या बऱ्याच आधी थांबा. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर ब्रश टेकला की रंग ओढला जाऊन रेघा राहतात, म्हणून ऊन ज्या बाजूवर नाही ती बाजू धरा. पृष्ठभाग हाताला चटका देत असेल तर थांबा.

मिसळणं

दोन घटकांचे रंग डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर सुकतं हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकलं की थर पिकतच नाही. आधी प्रत्येक घटक स्वतंत्र ढवळा. अँटिफाउलिंगमध्ये तांबं तळाशी जड गाळासारखं बसतं, ते सगळं वर येईपर्यंत ढवळत राहा. इपॉक्सी मिसळल्यावर डब्यावर सांगितलेली मिनिटं तसाच ठेवा आणि मग उथळ ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि हातातल्या हातात घट्ट होतं.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी केली तर दमा जडू शकतो. ताजी हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या कारागिरालाच ते काम द्या. आपण रोलर आणि ब्रशनेच लावा. तेव्हाही सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क घाला आणि कातडीला लागू देऊ नका.

तळ रंगवताना

होडी टेकूंवर असते, त्यामुळे टेकूंखालची जागा मागे राहते. टेकू एका वेळी एकच हलवा, तोही शेजारचे पक्के असल्याची खात्री करून.

इपॉक्सी प्रायमरचे हात सांगितलेल्या अंतराने द्या. शेवटच्या हातावर अँटिफाउलिंगचा पहिला हात नेमका कधी बसवायचा हे अंगठ्याने कळतं. प्रायमरवर अंगठा दाबा: ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला रंग लागता कामा नये. हीच ती वेळ, कारण या अवस्थेत दोन थर एकमेकांत मुरतात. वेळ टळली आणि प्रायमर टणक झाला तर पुन्हा घासल्याशिवाय पुढे जाऊ नका. इपॉक्सीवर दमट हवेत कधीकधी मेणचट चिकट पापुद्रा येतो. तो घासून नाही, आधी गोड्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुऊन काढायचा.

झिजणारं अँटिफाउलिंग दोन रंगांत घ्या. पहिला हात लाल, वरचे काळे किंवा निळे. काही महिन्यांनी लाल डोकावू लागला की कुठला भाग आधी झिजला ते दिसतं, आणि पुढच्या खेपेला जादा हात तिथेच पडतो. रंग पाणरेषेच्या तीन-चार सेंटिमीटर वरपर्यंत न्या. होडी लादली की ती रेघ बुडते. जस्ताच्या ठोकळ्यांना रंग लावू नका, ते झिजण्यासाठीच बसवलेले असतात आणि रंगवले की झिजत नाहीत. तांब्याचा रंग त्यांच्यापासून आणि बाकीच्या धातूच्या भागांपासून बोटभर दूर ठेवा. खोलीमापकाच्या तोंडावर त्याच्यासाठीचाच रंग लावा.

बाजूंचा चमकदार हात

इथे दोन माणसं हवीत. पहिला बारीक स्पंजच्या रोलरने अर्धा मीटर रुंदीचा पट्टा पातळ मारतो. दुसरा लगेच मागून मऊ ब्रशचं फक्त टोक फिरवतो. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायचा आणि हात हलका, जणू ब्रशच्या वजनानेच तो चालतोय. वरून खाली एकदा, मग पुढच्या पट्ट्यातून आधीच्या ओल्या काठाकडे. पट्ट्याचा काठ ओला असतानाच पुढचा जुळला पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. मागे राहिलेला डाग पाहून परत ब्रश फिरवायला जाऊ नका. पुढच्या हातात तो झाकला जातो. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात केव्हाही चांगले, उभ्या बाजूवर जाड हात ओघळतोच.

दोन हातांमध्ये ३२० च्या पेपरने हलकं घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा. फायबरच्या होडीला गडद रंग द्यायचा मोह होत असेल तर लक्षात घ्या: उन्हात ती बाजू फारच तापते आणि आतल्या जाळीचे धागे पृष्ठभागावर उमटून दिसू लागतात. फिकट रंग यातून वाचवतो.

शेवटचा हात थोडा ओला असतानाच मास्किंग टेप काढा, मागे दुमडून हळूहळू. पूर्ण सुकल्यावर काढलीत तर काठ फाटतो.

पाण्यात सोडण्याआधी

अँटिफाउलिंगच्या डब्यावर पाण्यात उतरवण्याची किमान आणि कमाल मुदत दिलेली असते. दोन्ही पाळा: लवकर उतरवली तर रंग मऊ असतो, फार उशीर केला तर टणक प्रकाराचा वरचा थर निकामी होतो. चमकदार बाजूंना दोराचे, टायरचे घासे लागू देण्याआधी पूर्ण पिकायला आठवडाभर द्यावा. प्रायमर, रंग, थिनर यांची नावं आणि बॅच क्रमांक, किती हात आणि कोणत्या हवेत दिले ते एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी जुना रंग ओळखायची परीक्षा करावी लागणार नाही. आणि पहिल्या महिन्याभरात एकदा पाणरेषेखाली हात फिरवून बघा: बुळबुळीत थर मऊ फडक्याने निघत असेल तर रंग काम करतोय; बोटांना कवचाचं टोक लागलं तर तो भाग वहीत लिहा, पुढच्या खेपेला जादा हात तिथे द्यायचा आहे.